पैकीच्या पैकी गुण आणि वर शिव्या : एआय जाहिरात बघून ‘प्रेक्षकांना काय वाटतं’?

नोव्हेंबर 2024 मध्ये कोका-कोलाने नाताळची एक जाहिरात आणली. बर्फातून येणारे लाल ट्रक, दिव्यांनी उजळणारं गाव, ओळखीचं गाणं. कंपनीच्या 1995 सालच्या जाहिरातीचीच ही नवी आवृत्ती. आपल्याकडे मोती साबणाची जाहिरात लागली की दिवाळी आली असं वाटतं ना, तसं तिकडे अनेकांना ते ट्रक दिसले की नाताळ आला असं वाटतं. फरक इतकाच की 2024 ची दृश्यं जनरेटिव्ह एआयने तयार केली होती आणि तशी छोटी ओळही जाहिरातीत होती.

पुढे जे झालं ते आपल्या कामाचं आहे. जाहिरातींची भावनिक चाचणी घेणाऱ्या ‘सिस्टिम1’ या कंपनीच्या चाचणीत या जाहिरातीला 5.9 तारे मिळाले. तिथली मोजपट्टी 5.9 वरच संपते, म्हणजे पैकीच्या पैकी! त्याच दिवसांत सोशल मीडियावर मात्र लोक तुटून पडले होते. निर्जीव आहे, पोकळ आहे, ट्रक पुढे जातोय पण चाकं नीट फिरत नाहीत, कलाकारांच्या पोटावर पाय दिला. ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ या मालिकेचे कर्ते अ‍ॅलेक्स हिर्श यांनीही जाहीरपणे खरमरीत टीका केली.

आता तुम्ही सांगा, प्रेक्षकांना जाहिरात आवडली की नाही?

या विषयावरच्या प्रस्तावांत इथे हमखास एक वाक्य येतं : ‘प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया संमिश्र होत्या.’ माझ्या पहिल्या आराखड्यातही ते होतं. वाक्य चुकीचं नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. कारण ही दोन मोजमापं एकाच गोष्टीची नाहीतच.

पहिला फरक माणसांचा. चाचणीतला माणूस बोलावलेला असतो. त्याला जाहिरात दाखवतात आणि काय वाटलं, आनंद, राग, किळस, आश्चर्य की काहीच नाही, ते निवडायला सांगतात. कॉमेंट लिहिणारा स्वतःहून आलेला असतो. ज्याला काहीच वाटलं नाही तो कॉमेंट लिहीत बसत नाही. त्यामुळे कॉमेंट्स गोळा करून ‘इतके टक्के लोक नाराज’ असं लिहिलंत, तर तो आकडा प्रेक्षकांचा नसतो, लिहिणाऱ्यांचा असतो. उलट बाजूही आहे. ज्यांच्या पोटावर पाय आला ते अ‍ॅनिमेटर अशा सर्वसाधारण नमुन्यात आले तरी मूठभरच येणार, आणि सरासरीत त्यांचा राग विरघळून जाणार.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा : भावना कशाबद्दलची? नुसतं ‘राग’ म्हणून भागत नाही. कमीत कमी तीन गोष्टी वेगळ्या काढा. एक, चित्राबद्दलची भावना : चेहरा विचित्र वाटतो, हालचाल खटकते. दोन, ‘हे एआयने केलंय’ हे कळल्यामुळे बदललेली भावना. तीन, कंपनीच्या कृतीबद्दलची नैतिक भावना : पैसे असताना माणसांना काम का दिलं नाही? चित्र उद्या निर्दोष झालं तर पहिली भावना जाईल. तिसरी जाणार नाही, उलट वाढेलही. तिन्ही एका ‘नकारात्मक’ रकान्यात टाकल्या की नेमकं हेच दिसेनासं होतं.

इथे एक सवय सोडून द्या. एआय प्रतिमांबद्दल काही खटकलं की मासाहिरो मोरी यांची ‘अनकॅनी व्हॅली’ पुढे करायची. मोरींनी 1970 मध्ये लिहिला तो एक निबंध होता. त्यात प्रयोगाची आकडेवारी नव्हती, आणि विषय होता यंत्रमानव आणि कृत्रिम हात. जवळपास माणसासारखा, पण पूर्ण नाही, असा चेहरा का अस्वस्थ करतो याला ती कल्पना उपयोगी आहे. कलाकाराचं काम गेलं म्हणून आलेल्या रागाला ती लावणं म्हणजे पोट दुखतंय आणि आपण डोक्याला बाम लावतोय. दुसऱ्या प्रकारासाठी फ्रीस्टॅड आणि राइट यांचं 1994 चं ‘पर्सुएशन नॉलेज मॉडेल’ बघा. आपल्याला पटवण्यासाठी काय क्लृप्ती वापरली जातेय हे कळलं की माणूस संदेशाकडे वेगळ्या नजरेने बघतो, हा त्याचा गाभा.

तिसरी अडचण : 5.9 तारे नक्की कुणाला मिळाले? एआयला, की 1995 च्या आठवणीला? गाणं तेच, ट्रक तेच, लाल रंग तोच. त्यामुळे ‘लोकांना एआय चालतं’ हा निष्कर्ष या गुणांवरून निघत नाही. उलट टोकाचं उदाहरणही तितकंच गढूळ आहे. डिसेंबर 2025 मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या नेदरलँड्स शाखेने एआयने बनवलेली नाताळची जाहिरात टीकेनंतर मागे घेतली. पण त्या जाहिरातीचा संदेशच असा होता की हा वर्षातला सगळ्यात वैतागवाणा काळ आहे! लोक एआयवर चिडले की सणाला नावं ठेवली म्हणून? एका जाहिरातीवरून हे सांगता येत नाही.

मग करायचं काय? साधा 2×2 आराखडा घ्या. एकाच पटकथेवरून दोन फिल्म : एक माणसांनी केलेली, एक एआयने. प्रत्येकीला दोन लेबलं : ‘माणसांनी बनवली’ आणि ‘एआयने बनवली’. चार गट, आणि कोण कुठल्या गटात जाईल हे यादृच्छिक. आता चित्राचा परिणाम आणि लेबलचा परिणाम वेगळे दिसतील. ओळखीचा ब्रँड आणि ओळखीचं गाणं टाळा. खोटं लेबल दाखवणार असाल तर त्यासाठी आधी नैतिकता समितीची परवानगी हवी, आणि नंतर सहभागींना खरं सांगायलाच हवं.

पण एवढ्यानेही तिसरी भावना हाती लागत नाही. 2021 च्या दिवाळीतली कॅडबरीची जाहिरात आठवा. शाहरुख खानचा चेहरा आणि आवाज एआयने बदलून तो तुमच्या गल्लीतल्या दुकानाचं नाव घेत होता. चेहरा कृत्रिमरीत्या हलवलेला, तरी त्या जाहिरातीचं कौतुक झालं. मला वाटतं, कारण गोष्ट सरळ होती : अभिनेत्याची संमती होती आणि फायदा कोविडने कंबरडं मोडलेल्या छोट्या दुकानदाराला होता. माझं हे म्हणणं तपासायचं तर ‘यात कुणाचं भलं झालं आणि कुणाचं काम गेलं’ हेही प्रयोगात बदलून बघावं लागेल. आणि ज्यांचं काम गेलं त्यांच्या मुलाखती घ्याव्या लागतील. तिथे तारे मोजून चालणार नाही.

हे सगळं एवढं ताणून सांगतोय, कारण अशा अभ्यासांचे निष्कर्ष कपाटात पडून राहत नाहीत. ‘प्रेक्षकांना फरक पडत नाही’ हे वाक्य उद्या कुणाच्या तरी सादरीकरणात जाईल आणि त्याच्या आधारावर एखाद्या स्टुडिओतली माणसं कमी होतील. तेव्हा प्रस्तावात ‘प्रेक्षकांची भावनिक प्रतिक्रिया’ असं लिहिण्याआधी थांबा आणि त्याच ओळीखाली तीन उत्तरं लिहा : कुठले प्रेक्षक, कुठली भावना, आणि ती कशाबद्दल. तिसरं उत्तर सुचत नसेल, तर प्रश्नावली बनवायला घेऊ नका.