फ्रेडी मर्क्युरी : पाचगणीचा पियानो आणि चरित्रातील उणीव

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी (१९४६-१९९१) याच्या कारकिर्दीचा विचार बहुधा १९७० च्या लंडनपासून सुरू होतो. झांझिबार येथे पारशी कुटुंबात जन्मलेला हा फारोख बुलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, ही बाब केवळ तपशील म्हणून उरते. उलटपक्षी, आपल्याकडे त्याला 'महाराष्ट्राचा' ठरविण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकास दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात.

१९५८ मध्ये शाळासोबत्यांसह काढलेल्या 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये तो मुख्य गायक नव्हता, पियानोवादक होता. हे ध्यानात घेतले म्हणजे त्याने रचलेले 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' (१९७५) वेगळ्या प्रकाशात दिसते. सुमारे सहा मिनिटांच्या या गीताला ध्रुवपद नाही. संथ गीत, ऑपेरा व रॉक हे भाग क्रमाने येतात आणि संथ भागाला त्याच्याच पियानोचा आधार आहे. कीर्ती गायकाची झाली. परंतु त्याच्यातील रचनाकार वादकातून घडला, असे म्हणावे लागते.

सारांश, पाचगणीचे महत्त्व मातीच्या अभिमानात नसून तेथील सरावात आहे. शालेय वयातील अशा सरावाला कलावंताच्या मूल्यमापनात स्थान देणे, हे समीक्षकाचे आणि शिक्षकाचेही कर्तव्य ठरते.