पोषणशिक्षण : अज्ञानाचे निदान आणि उत्पन्नाचा विसर

भारतातील सामुदायिक पोषणशिक्षणाला शासकीय अधिष्ठान लाभले ते प्रामुख्याने २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेमुळे. प्रारंभी ३३ प्रकल्पांपुरत्या मर्यादित असलेल्या या योजनेच्या सहा सेवांपैकी ‘पोषण व आरोग्य शिक्षण’ ही एक स्वतंत्र सेवा असून १५ ते ४५ वयोगटातील स्त्रिया हा तिचा लक्ष्यगट मानला गेला. पुढे १९८२ पासून राष्ट्रीय पोषण सप्ताह साजरा होऊ लागला आणि २०१८ मध्ये पोषण अभियानाची त्यात भर पडली. अर्धशतकाच्या या वाटचालीनंतरही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके खुजी आढळली. स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मधील ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेले. केवळ या आकड्यांवरून शिक्षण निष्फळ ठरले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. तथापि, या शिक्षणात नेमके काय शिकविले जाते आणि ऐकणाऱ्याविषयी कोणते गृहीतक त्यामागे असते, याची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

हे गृहीतक थोडक्यात असे : गरीब कुटुंब अपुरे खाते, कारण काय खावे हे त्याला ठाऊक नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतील आदर्श थाळी या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे. २००० उष्मांकांच्या या थाळीत दररोज तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी अथवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मि.ली., तेलबिया व कवचफळे ३५ ग्रॅम आणि स्निग्ध पदार्थ २७ ग्रॅम सुचविलेले आहेत. शास्त्रदृष्ट्या ही थाळी निर्दोष आहे. परंतु चार प्रौढांच्या घरात तिचा अर्थ रोज १ किलो ६०० ग्रॅम भाजी, ३४० ग्रॅम डाळ आणि १ लिटर २०० मि.ली. दूध असा होतो. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाची मिळकत हा हिशेब किती दिवस पेलू शकेल? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्य दिले. जानेवारी २०२३ पासून ते मोफतही झाले. पण ते दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम भरते. म्हणजे थाळीतील सर्वांत स्वस्त घटकाचाही तिसरा हिस्सा बाजारातूनच आणावा लागतो. डाळ, दूध, भाजी तर दूरच. (तेलबियांबाबत मात्र मराठी स्वयंपाकघर मुळीच अडाणी नाही. शेंगदाण्याचे कूट, तीळ, जवस, कारळ्याची चटणी हे त्या ३५ ग्रॅमांचेच देशी रूप होय. भित्तिपत्रकावर त्या जागी बदाम-आक्रोड का रंगविले जातात, हे एक कोडेच आहे.)

सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्या विवेचनाचे येथे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ‘प्रथिनांची दरी’ ही कल्पना आंतरराष्ट्रीय पोषणविचारावर अधिराज्य गाजवीत असताना त्यांनी दाखवून दिले की, भारतात प्रथिनांची उणीव बहुतांशी एकूण अन्नाच्या उणिवेतूनच उद्भवते. उष्मांक अपुरे असतील तर शरीर प्रथिनेही इंधन म्हणूनच जाळते. त्यांच्या उत्तरकालीन अनुकूलन-सिद्धांताला डॉ. सी. गोपालन यांनी केलेला कठोर विरोध योग्यच होता, कारण त्या सिद्धांताचा आधार घेऊन कमी वाढलेली मुलेही निरोगीच होत, असे म्हणण्यापर्यंत काहींची मजल गेली. पण अपुऱ्या अन्नाला प्रथिनांच्या डब्याचा वा व्याख्यानाचा पर्याय असू शकत नाही, हा सुखात्मे यांचा मूळ मुद्दा आजही अबाधित आहे.

मग पोषणशिक्षण व्यर्थ मानावे काय? तसे मानणे हेही तितकेच एकांगी ठरेल. काही गोष्टी खरोखरच ज्ञानावर अवलंबून असतात आणि त्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. सहा महिन्यांनंतर बाळाला वरणाचे नुसते पाणी पाजले जाते. माऊलीच्या दृष्टीने ते डाळीचे सत्त्व असते. प्रत्यक्षात डाळ भांड्याच्या तळाशी राहते आणि बाळाचे इवलेसे पोट पाण्याने भरते. तीच डाळ घोटून, भातात कालवून, वर थेंबभर तेल घालून भरविली तर त्याच शिध्यातून कितीतरी अधिक उष्मांक बाळाला मिळतात. जन्मानंतरचा चीक टाकून न देणे, जेवणालगत चहा टाळणे (त्यातील टॅनिन लोहाचे शोषण रोखते), भाजीवर लिंबू पिळणे या सूचनाही याच जातकुळीतील. खर्च न मागणारा सल्ला आणि मिळकत मागणारा सल्ला यांतील भेद आपल्या प्रचारसाहित्यात क्वचितच पाळला जातो. दोन्ही एकाच दमात सांगितले की ऐकणारी दुसऱ्याबरोबर पहिलाही सोडून देते. आणि तिला दोष कसा द्यावा?

शिकविणारा कोण, हा प्रश्न याहून महत्त्वाचा. १९९० च्या सुमारास व्हिएतनाममध्ये जेरी व मोनिक स्टर्निन यांनी बालकुपोषणावर काम करताना तज्ज्ञांची थाळी बाजूला ठेवली आणि त्याच गावात, तितक्याच गरिबीत ज्यांची मुले सुदृढ होती अशी घरे शोधली. त्या घरांतील स्त्रिया भातखाचरांतील बारीक कोळंबी-खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालीत. इतरांच्या मते ते लहान मुलांचे अन्नच नव्हते. गावातील इतर स्त्रिया मग या शेजारणींकडूनच शिकल्या. आपल्याकडे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरात अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडविले, त्यामागेही हाच विश्वास होता. उलट आजच्या अंगणवाडी सेविकेचा बराच वेळ नोंदवह्या आणि २०२१ पासून आलेले पोषण ट्रॅकर भरण्यात जातो. गृहभेट, जिथे चुलीवर काय शिजते ते दिसते, तीच मागे पडते.

महाविद्यालयेही या चिकित्सेतून सुटत नाहीत. १ ते ७ सप्टेंबरच्या सप्ताहात रांगोळी, भित्तिपत्रके, पाककृती-स्पर्धा होतात, छायाचित्रांसह अहवाल जातो. त्या पाककृतींखाली जीवनसत्त्वांचे कोष्टक असते; एका ताटाची किंमत, लागणारा वेळ आणि इंधन यांचा रकाना मात्र अभावानेच आढळतो. तो रकाना विद्यार्थिनींनी वस्तीतील स्त्रियांना विचारूनच भरावयाचा असे ठरविले, तर स्पर्धेत येणाऱ्या पदार्थांची यादीच बदलून जाईल.