‘हॅन्ड’चे पोलिश भाषांतर : एक चिकित्सा

इंग्रजीतील ‘हॅन्ड’ मनगटाशी थांबतो; त्यावरचा भाग ‘आर्म’. पोलिशमधील ‘रेंका’ मात्र, शरीरशास्त्राची परिभाषा वगळता, बोटांपासून खांद्यापर्यंतच्या संपूर्ण अवयवास लागू पडतो. मराठी वाचकास याचे नवल वाटू नये. मराठीतील ‘हात’ही तसाच ऐसपैस आहे. अचूकतेच्या आग्रहापोटी सर्वत्र ‘द्वोन्य’ हा मुख्यतः तळहाताचा वाचक असलेला शब्द योजल्यास साध्या संवादालाही अकारण काव्यात्म सूर चढतो. हात धुणे, हात धरणे या नित्याच्या क्रियांना ‘रेंका’ पुरेसा आहे. संदिग्धता संदर्भानेच दूर होते. जखम नेमकी कोठे झाली यावर कथानक अवलंबून असेल, तेथे मात्र ‘द्वोन्य’ला पर्याय उरत नाही.

वाक्प्रचारांत तर अवयवच बदलतो. कारस्थानात इंग्रजी आणि मराठी माणसाचा ‘हात’ असतो, पोलिश माणूस त्यात ‘बोटे बुडवितो’. कामात अनाडी असणाऱ्यास पोलिश भाषा ‘दोन डावे हात’ देते. इंग्रजी त्याची सारी बोटे अंगठेच ठरविते. ही प्रतिमा पोलिशमध्ये शब्दशः उतरविल्यास विनोदाऐवजी शारीरिक व्यंगाचे वर्णन वाटण्याचा धोका संभवतो.