प्रेरक, पसंती आणि प्रतिप्रसव : जीवाणूंच्या शर्करा-नियमनाची परिभाषा

पारिभाषिक शब्द हा पदार्थाला चिकटविलेली नुसती चिठ्ठी नव्हे. त्याच्या पोटात कार्यकारणाची एक कल्पना दडलेली असते, आणि ती चुकीची असल्यास विद्यार्थ्याचे आकलनही चुकते. जीवाणू शर्करांच्या विघटनाची जनुके केव्हा कार्यान्वित करतात, या विषयाची मराठी मांडणी या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

फ्रांस्वा जेकब व जाक मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलेली ऑपेरॉनची उपपत्ती आता सर्वपरिचित आहे. एशरिकिया कोलाय या आतड्यातील जीवाणूत दुग्धशर्करेशी संबंधित तीन जनुके लगतलगत असतात. त्यांपैकी एकापासून शर्करा फोडणारे विकर बनते, तर दुसऱ्यापासून तिला पेशीत आणणारे वाहक प्रथिन. जनुकांच्या आरंभस्थानी निरोधक प्रथिन बसले असता त्यांचे वाचन जवळजवळ बंद राहते. पेशीत आधीपासून असलेल्या अत्यल्प विकरामुळे थोड्या दुग्धशर्करेचे रूपांतर ॲलोलॅक्टोजमध्ये होते. ते निरोधकाला जोडले गेले, की निरोधकाचा आकार बदलतो आणि त्याची पकड सुटते.

या ॲलोलॅक्टोजला ‘प्रेरक’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ते कशालाच प्रेरणा देत नाही. केवळ अडसर दूर करते. पार्डी, जेकब व मोनो यांच्या १९५९ च्या प्रयोगाचे तात्पर्य हेच होते. निरोधक नसलेल्या पेशीत ही जनुके शिरताच प्रेरकावाचून विकर तयार होऊ लागले, आणि निरोधक साचल्यावर ते थांबले. संस्कृत शास्त्रपरंपरेत अशा रचनेला नेमका शब्द आहे. सामान्य नियम तो उत्सर्ग, त्याला बाध आणणारा तो अपवाद, आणि अपवादाचाही बाध करून मूळ नियम पुनःस्थापित करणारा तो प्रतिप्रसव. ॲलोलॅक्टोजचे कार्य प्रतिप्रसवाचे आहे. अर्थात या साम्यालाही मर्यादा आहे. ग्लुकोज विपुल असताना निरोधक सुटला तरी वाचन मंदच राहते. कारण त्याला चक्रीय एएमपी व त्याचे ग्राहक प्रथिन यांचे साहाय्य लागते. येथील उत्सर्ग स्वतःच दुर्बल आहे.

‘प्रेरक’ हा शब्द सर्वथा टाकाऊ आहे, असे मात्र नव्हे. ॲरॅबिनोज या शर्करेच्या बाबतीत नियामक प्रथिन शर्करेवाचून वाचन अडविते आणि शर्करा जोडली जाताच त्याला प्रत्यक्ष चालना देते. तेथे ‘प्रेरक’ शोभतो. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच संज्ञा चालते. मराठीने तो संकर पत्करण्याचे कारण नाही.

दुसरा शब्द ‘पसंती’. दोन शर्करा एकत्र दिल्या असता जीवाणू आधी ग्लुकोज संपवितो, काही काळ वाढ थबकते, आणि मग तो दुसरीकडे वळतो, असे मोनो यांनी १९४१ च्या सुमारास दाखविले. ‘ग्लुकोजला पसंती’ हे वर्णन तेव्हापासून रूढ आहे. ‘पसंत करणे’ या क्रियापदाला सचेतन कर्ता लागतो. तो मिळाला की ‘का आवडते?’ हा निष्फळ प्रश्न उभा राहतो आणि ‘काय कशाने अडते?’ हा फलद्रूप प्रश्न मागे पडतो.

या भेदाचे महत्त्व पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधनात स्पष्ट होते. बसू, आपटे व फळे यांनी २००६ मध्ये स्यूडोमोनास सीएसव्ही८६ या जीवाणूविषयी निष्कर्ष प्रसिद्ध केले. नॅप्थॅलिनसारखे सुगंधी संयुग व ग्लुकोज एकत्र दिले असता तो प्रथम सुगंधी संयुग संपवितो व ग्लुकोजकडे नंतर वळतो. सेंद्रिय आम्ले मात्र सुगंधी संयुगांबरोबरच वापरतो. यालाही ‘पसंती’ म्हटले जाते. परंतु संशोधन त्या शब्दाशी थांबले नाही. २०११ मध्ये याच गटाने व सहकाऱ्यांनी बाह्य पटलातील सुमारे ४० किलोडाल्टनचे ग्लुकोज-बंधक प्रथिन दाखवून दिले. त्याच्या जनुकाचे वाचन ग्लुकोजमुळे वाढते, सुगंधी संयुगे व सक्सिनेट यांमुळे दबते. म्हणजे ग्लुकोज नावडते असे नसून त्याची वाट अरुंद होते.

अशा क्रमाला ‘उलट’ हे विशेषण लावणेही चिंत्य आहे. उलट कशाच्या? एशरिकिया कोलायच्या. आतड्यातील एका रहिवाशाचा आचार उत्सर्ग मानल्यामुळेच दुसऱ्या जीवाणूचा आचार अपवाद ठरतो. वस्तुतः ग्लुकोजपेक्षा सेंद्रिय आम्ले आधी वापरणे हे स्यूडोमोनास कुळात सामान्य आहे.

तेव्हा दुग्धशर्करेच्या संदर्भात ‘प्रेरक’ऐवजी ‘निरोधमोचक’, ‘पसंती’ऐवजी ‘उपयोगक्रम’ असे शब्द योजावेत, आणि ‘उलट’ हे विशेषण वर्ज्य करावे. सुटणे-सोडविणे, अडणे-अडविणे अशा जोड्या मराठीत मुबलक आहेत. त्यांतील अकर्मक रूप वापरले की कर्त्याची कल्पना न करता घटना सांगता येते. ‘जीवाणू निरोधक सोडवितो’ यापेक्षा ‘निरोधक सुटतो’ हे वाक्य साधे आहे, आणि अधिक खरेही.