प्रश्न विचारणारा श्रोता: फादर स्टीफन्स आणि आजचे मराठी प्रवचन

गोरेगाव पूर्वेला आरे रोडवर सेंट पायस कॉलेज आहे. मुंबई महाधर्मप्रांताचे भावी धर्मगुरू इथे घडतात. आरे कॉलनी ओलांडून मरोळच्या अंगाला गेले, की सीप्झच्या आवारात सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष लागतात. जेझुइटांनी ते १५७९ मध्ये बांधले आणि १८४० च्या साथीनंतर ते ओस पडले. योगायोग असा, की १५७९ च्याच ऑक्टोबरात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्याच्या बंदरात उतरला. मराठीत ख्रिस्ती प्रवचन कसे करावे, या प्रश्नाची चर्चा आजही त्याला वगळून करता येत नाही.

स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाच्या झाल्या. मात्र प्रवचनकारासाठी खरे शिकण्यासारखे आहे ते ग्रंथाच्या प्रारंभी. पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत असताना एक ब्राह्मण पुढे येतो आणि विचारतो: आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग मन रमवायला तशीच दुसरी का देत नाही? सारे पुराण या तक्रारीचे उत्तर म्हणून उभे राहते. पुढेही श्रोते मधूनमधून शंका काढतात, कथा थांबते, पाद्री उत्तर देतो आणि ओवी पुन्हा चालू लागते. रविवारी आणि सणाच्या दिवशी मिस्सानंतर देवळात ते वाचले जाई. सृष्टीची उत्पत्ती, पतन, तारण असे अवघड सिद्धान्त ऐकणाऱ्याच्या शंकांमधून उलगडत नेण्याची ही रीत स्टीफन्सची सर्वांत मोठी देणगी आहे.

या देणगीला काळी बाजू आहे आणि ती झाकता कामा नये. स्टीफन्सने गोव्यातल्या ज्या साष्टीत आयुष्य घालवले, तिथली देवळे पोर्तुगीज सत्तेने १५६७ मध्ये पाडली होती. १५८३ मध्ये तिथल्याच कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले. पुराणाचा साज स्वीकारणारा हा कवी पुराणातल्या देवांवर मात्र टीका करतो. श्रोत्याला प्रश्न विचारू देणारा ग्रंथ सत्तेच्या छायेत लिहिला गेला, हे ध्यानात ठेवूनच त्याची कारागिरी घ्यायला हवी.

पुढे त्याच सत्तेने लोकभाषेवर घाव घातला. १६८४ च्या फर्मानाने कोकणीचा वापर मोडून काढायचे ठरवले. तरीही ख्रिस्तपुराण हस्तलिखितांतून टिकले. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आजवर हाती लागलेली नाही. जोसेफ साल्ढाणांनी १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले, तर शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये देवनागरीत आणले.

मधल्या काळात प्रोटेस्टंट मंडळींनी दुसरी वाट शोधली. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करू लागले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्या परंपरेला अभंगाची आणि भजनाची जोड दिली. ख्रिस्ताला वारकरी भक्तीच्या वळणाने आळवणे टिळकांना साधले, कारण ते वळण त्यांच्या घरचेच होते. स्टीफन्सने ते परिश्रमाने कमावले होते.

कॅथलिक चर्चमध्ये पारडे फिरले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे. १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने लोकभाषेला दार उघडले आणि रविवारचे प्रवचन उपासनेचा अविभाज्य भाग ठरवले. मराठीत याचे सर्वांत भरघोस पीक वसईत आले. ‘सुवार्ता’ मासिक, मराठी गायन, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दिब्रिटोंच्या रूपाने एक धर्मगुरू बसला, तो या मशागतीच्या बळावर. तुकाराम आणि ज्ञानेश्वर यांना शुभवर्तमानाशेजारी बसवण्याची सवय मराठी प्रवचनाला लागली, त्यात दिब्रिटोंचा वाटा मोठा आहे.

आज मात्र ही सवयच प्रवचनाचा सापळा होऊ लागली आहे. आरंभी एक अभंग, मग एखादी बोधकथा, शेवटी तीन सूचना: उपनगरांतले मराठी प्रवचन पुष्कळदा याच ठशातून बाहेर पडते. अभंग दागिन्यासारखा येतो, विचाराला वळण देत नाही. मजकूर अनेकदा इंग्रजीत योजलेला असतो आणि वाक्यांची ठेवण ते लपू देत नाही. रविवारची वाचने दर तीन वर्षांनी फिरून येतात; त्यामुळे जुने टिपण काढून तेच बोलण्याचा मोहही होतो. गायकवृंद आणि सजावट सुधारली, तसे प्रवचन सुधारले नाही. स्टीफन्सची भाषा घेतली गेली, त्याची श्रोत्यावरची नजर मागे राहिली.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या प्रेषितीय उद्बोधनात प्रवचनावर विस्ताराने लिहिले आणि प्रवचनकाराने शास्त्राइतकाच लोकांकडेही कान द्यावा, असे बजावले. २०२४ मध्ये त्यांनी आठ मिनिटांची मर्यादाही सुचवली. एवढ्या वेळात पुराण सांगता येत नाही, पण एका माणसाची एक खरी शंका मांडून तिला उत्तर देता येते. ईएमआय थकलेल्या, घरातल्या आजारपणाने खचलेल्या, मुलाच्या आंतरधर्मीय लग्नाने गोंधळलेल्या माणसाची शंका बाकावर बसलेलीच असते. प्रवचनकार ती बोलून दाखवत नाही, तोवर ऐकणाऱ्याला आपल्याशी कोणी बोलते आहे असे वाटत नाही.

साधने आता हाताशी आहेत. फादर नेल्सन फाल्कांव यांनी २००९ मध्ये ख्रिस्तपुराण आधुनिक मराठी गद्यासह उपलब्ध करून दिले. मराठीत प्रवचन करणार असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्यातले दोन-तीन अवस्वर (अध्याय) मोठ्याने वाचावेत, कुठे शंका येते आणि कथा तिच्यासाठी कशी थांबते ते टिपावे, आणि मग आपल्या धर्मग्रामातल्या चार घरी जाऊन रविवारच्या शुभवर्तमानावर लोकांना काय विचारायचे आहे ते ऐकावे. त्यानंतरच टिपण लिहायला बसावे.