फुकट, मुक्त आणि न वाचलेलं

इंग्रजीतला 'फ्री' हा शब्द एकटाच दोन कामं करतो आणि दोन्हींत घोळ घालतो. मराठीत त्यासाठी दोन स्वच्छ वेगळे शब्द आहेत : फुकट आणि मुक्त. फुकटचं जेवण आणि मुक्त माणूस यांत आपली कधी गल्लत होत नाही. पण सॉफ्टवेअरचा विषय निघाला की हाताशी दोन शब्द असूनही आपण एकावरच भागवतो. तो बहुतेक वेळा पहिला असतो.

असेम्ब्लर आणि लिंकर या दोन अवजारांच्या बाबतीत ही सवय महागात पडते. प्रोसेसरला फक्त आकडे कळतात. माणसाला आकडे लक्षात ठेवता येत नाहीत, म्हणून तो त्या सूचनांना छोटी छोटी नावं देतो. त्या नावांचे परत आकडे करतो तो असेम्ब्लर. मोठा प्रोग्रॅम एका फाइलीत मावत नाही. तुकड्यातुकड्यांत लिहिला की प्रत्येक तुकड्यात 'अमुक काम दुसरीकडे कुठे तरी लिहिलंय, त्याचा पत्ता नंतर भरा' अशा रिकाम्या जागा उरतात. सगळे तुकडे एकत्र मांडून त्या जागा भरतो तो लिंकर. तुम्ही हे अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर त्यातल्या कित्येक ॲप्सचे सी आणि सी++मधले भाग एलएलडी नावाच्या मुक्त लिंकरने जोडलेले आहेत. गुगलने आपल्या एनडीके या साधनसंचात तोच मूळ लिंकर म्हणून ठेवला आहे.

इंजिनिअरिंगच्या मुलांना ही नावं परकी नाहीत. डिप्लोमाला डॉसबॉक्स उघडून त्यात टॅसम किंवा मॅसम चालवणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या. पुणे विद्यापीठात गेल्या दशकभरात दुसऱ्या वर्षाच्या मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला नॅसम आला. तिसऱ्या वर्षी तर दोन पासांचा असेम्ब्लर स्वतःच लिहायचा. तोही बहुधा जावात, आणि आयआयटी मुंबईच्या प्रा. ढमढेरे यांच्या पुस्तकातल्या काल्पनिक यंत्रासाठी. सिम्बॉल टेबल, लिटरल टेबल, पूल टेबल हे तोंडी परीक्षेचे ठरलेले मुक्काम. प्रश्न एवढाच आहे की दुसऱ्या वर्षी वापरलेल्या खऱ्या असेम्ब्लरचा सोर्स तिसऱ्या वर्षी का उघडत नाही? तो तर मुक्त आहे. आपण त्याच्याकडे फुकट म्हणून पाहिलं, त्यामुळे उघडायचं सुचलंच नाही.

म्हणून ही समीक्षा. अवजारं माणसांनी लिहिलेली असतात, त्यांना शैली असते, आणि आपलं कोण वाचणार याची एक कल्पना लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते. पुस्तकाला विचारतो ते प्रश्न त्यांनाही विचारता येतात.

कोणासाठी लिहिलंय?

ग्नू प्रकल्पाचा असेम्ब्लर 'गॅस' घ्या. त्याच्या डोक्यातला वाचक माणूस नाही, जीसीसी हा कंपायलर आहे. कंपायलर सहसा चुकीचं लिहीत नाही, त्यामुळे चूक समजावून सांगण्याची गरज गॅसला सुरुवातीला फारशी वाटलीच नाही. त्याची जुनी लेखनपद्धत एटीअँडटीकडून, म्हणजे युनिक्सच्या घराण्यातून आली. प्रत्येक रजिस्टरच्या आधी टक्क्याचं चिन्ह, प्रत्येक स्थिर आकड्याआधी डॉलर, आणि आधी 'काय' मग 'कुठे'. या क्रमाला इंटेलच्या पद्धतीवर वाढलेले लोक नावं ठेवतात. गंमत अशी की मराठी माणूस 'पाच एएक्समध्ये ठेव' असंच म्हणेल. आधी काय, मग कुठे. इंटेलचा क्रम गणितातल्या समीकरणाचा आहे, एटीअँडटीचा बोलण्याचा. गॅसची खरी अडचण क्रमाची नाही, चिन्हांच्या गर्दीची आहे. पुढे त्याने इंटेलची पद्धतही स्वीकारली. आणि त्याचं मोठेपण दुसरीकडे आहे : जगातल्या बहुतेक प्रोसेसरांची भाषा तो बोलतो, आणि लिनक्सच्या कर्नलमधला असेम्ब्लीचा भाग त्याच्याच बोलीत लिहिलेला आहे.

नॅसमचा जन्म या उणिवेतून झाला. १९९६ साली सायमन टॅथम आणि ज्युलियन हॉल यांनी तो लिहिला. हा तोच टॅथम ज्याचा 'पुटी' अनेकांनी सर्व्हरला जोडण्यासाठी वापरला असेल. त्यांच्या डोक्यातला वाचक हाताने असेम्ब्ली लिहिणारा माणूस होता. ते एका नियमात दिसतं. मॅसममध्ये एखाद्या नावाचा अर्थ पत्ता घ्यायचा की त्या पत्त्यावरची किंमत, हे ते नाव आधी कुठे आणि कसं जाहीर केलं यावर ठरतं. म्हणजे एक ओळ समजायला चारशे ओळी मागे जावं लागू शकतं. नॅसम म्हणतो : चौकटी कंस असेल तर घरातली माणसं, नसेल तर नुसता घराचा पत्ता. बस्स. ओळ तिथल्या तिथे वाचता येते. मला हा निर्णय कुठल्याही परवान्यापेक्षा जास्त 'मुक्त' वाटतो, कारण यात वाचणाऱ्याला मोकळं केलंय.

परवान्याचा प्रवास मात्र नॅसमलाही सरळ गेला नाही. आधी स्वतःचा वेगळा परवाना, मग एलजीपीएल, आणि २००९पासून दोन कलमांचा बीएसडी. मुक्त म्हणजे नेमकं किती मुक्त, हे ठरवायला एका छोट्या असेम्ब्लरलाही तेरा वर्षं लागली.

फॅसमची गोष्ट वेगळीच. पोलंडच्या तोमाश ग्रिश्तारने तो लिहिला, आणि तो स्वतःच्याच भाषेत लिहिलेला आहे. फॅसमचा सोर्स फॅसमला दिला की नवा फॅसम तयार होतो. लिंकरला मध्ये न घेता तो थेट चालणारी फाइलही देतो. मेन्युएट आणि कोलिब्री या पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्यावर उभ्या आहेत. या स्वावलंबनाचं कौतुक करताना त्याची किंमतही सांगायला हवी. नॅसम सी भाषेत लिहिलेला असल्यामुळे तो वेगळ्या प्रोसेसरच्या यंत्रावरही बांधता येतो. फॅसम जिथे जन्मला त्या एक्स८६च्या घराबाहेर पडू शकत नाही. आपल्याच बोलीत लिहिलेला उत्तम ग्रंथ, पण भाषांतर अशक्य.

जोडणाऱ्याला कोण विचारतं

लिंकरचं नाव निघतं ते फक्त बिघडल्यावर. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ही चूक पाहिली नाही असा सी शिकणारा सापडणार नाही, पण ती कंपायलरची नसून लिंकरची तक्रार आहे हे अनेकांना उशिरा कळतं. लग्नात आचाऱ्याची आठवण मीठ कमी पडल्यावर होते, तसं.

या दुर्लक्षित कोपऱ्यात एक लांबलचक शर्यत चालू आहे. ग्नूचा जुना लिंकर एलडी सगळ्या यंत्रांवर, सगळ्या फाइल-प्रकारांवर चालतो, पण धीमा. २००८मध्ये गुगलमधल्या इयन लान्स टेलरने फक्त ईएलएफ या एका प्रकारासाठी वेगवान 'गोल्ड' लिहिला आणि तो ग्नूच्या संचात आला. मग एलएलव्हीएम प्रकल्पाचा एलएलडी आला. त्यात मोठा वाटा असलेल्या रुई उएयामाने पुढे स्वतंत्रपणे 'मोल्ड' लिहिला. त्याची १.० आवृत्ती २०२१च्या डिसेंबरातली. त्याच्या स्वतःच्या मोजणीनुसार, क्लँगसारखा अवाढव्य प्रोग्रॅम जोडायला एलडीला जिथे चाळीसेक सेकंद लागतात, तिथे मोल्ड दीडेक सेकंदात मोकळा होतो.

दिवसातून पन्नास वेळा प्रोग्रॅम बांधणाऱ्याला हा फरक काय आहे ते विचारा. पण वेगाच्या या कौतुकात एक आकडा कधी येत नाही : हे लिहिणाऱ्याला मिळालं काय? मोल्ड आधी एजीपीएल परवान्यात होता. ज्या कंपन्यांना त्या अटी नकोत त्यांनी वेगळा परवाना विकत घ्यावा, अशी योजना होती. ती अपेक्षेइतकी चालली नाही. २०२३मध्ये २.० आवृत्तीबरोबर मोल्ड एमआयटी परवान्यात, म्हणजे जवळजवळ विनाअट, खुला झाला. गोल्डचं काय झालं? २०२५च्या सुरुवातीला ग्नूने त्याला निवृत्तीच्या यादीत टाकलं. सांभाळणारं कुणी पुढे आलं नाही तर तो जाणार. त्याचा परवाना आजही तितकाच मुक्त आहे. कमी आहेत ती माणसं.

शिवणीत लपलेलं

माणसं कमी असली की काय होतं, ते मार्च २०२४मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी, कित्येक लिनक्स यंत्रांवर असणारी लायब्ररी. वर्षानुवर्षं मुख्यतः एक थकलेला माणूस ती सांभाळत होता. मदतीला आलेल्या एका अनोळखी नावाने दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. कुठे? चाचणीसाठीच्या फाइलींत. बांधणी सुरू झाली की त्यांतून एक तयार ऑब्जेक्ट फाइल बाहेर पडायची आणि लिंकरच्या हातात जायची. लिंकर बिचारा मिळेल ते जोडतो. सोर्स वाचणाऱ्याला काही दिसलं नसतं, कारण पाप सोर्समध्ये नव्हतंच, शिवणीत होतं. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने जोडताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं आणि त्याने ते खणून काढलं.

परवाना मुक्त होता, सोर्स जाहीर होता, वापर फुकट होता. वाचणारे नव्हते.

केन थॉम्पसनने १९८४मध्येच, ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात, हा धोका टोकाला नेऊन दाखवला होता. कंपायलरमध्येच असा डाव बसवता येतो की तो स्वतःच्या पुढच्या प्रतीतही तो डाव गुपचूप उतरवेल, आणि सोर्समध्ये त्याचा मागमूस राहणार नाही. असेम्ब्लर आणि लोडरमध्येही हेच करता येतं, हे त्याने तेव्हाच सांगितलं होतं. मग विश्वास ठेवायचा तरी कुठून?

या प्रश्नाला आजवर मिळालेलं सर्वांत देखणं उत्तर ३५७ बाइटांचं आहे. हेक्स० नावाचा हा प्रोग्रॅम एवढंच करतो : हेक्साडेसिमल आकड्यांच्या जोड्या वाचायच्या, टिपा सोडून द्यायच्या, उरलेले बाइट लिहून टाकायचे. त्याच्यावर हेक्स१, ज्याला खुणेची नावं कळतात. मग हेक्स२, जो लिंकरचं काम करतो. मग छोटा मॅक्रो असेम्ब्लर, मग साधा कंपायलर, आणि पायरी पायरीने थेट जीसीसीपर्यंत. ग्नू गीक्सने २०२३मध्ये ही पूर्ण शिडी आपल्या प्रणालीत बसवली. या शिडीखाली लिनक्सचं कर्नल आधीपासून चालू असावंच लागतं. म्हणजे तळ गाठला असं नाही, पण तळ आता नजरेत आला. रोजच्या कामाला हेक्स० कुणी वापरणार नाही. वेगात तो मोल्डच्या पासंगालाही पुरणार नाही. पण या सगळ्यांत पूर्ण वाचून संपवता येईल, एक एक बाइट पेन्सिलने तपासता येईल असा तोच एक आहे. म्हणून माझ्या लेखी या प्रकारातली ती सर्वश्रेष्ठ कृती.

'मुक्त'चा अर्थ परवान्याच्या कागदावर सुरू होतो, पण तिथे संपत नाही. लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याचा विचार केला का, वाचणारा खरंच वाचतो का, आणि सांभाळणाऱ्याला कुणी सांभाळतं का, या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर जे उरतं त्याला मराठीत आधीच शब्द आहे. तो शब्द फुकट.

ज्यांच्या जर्नलात दोन पासांच्या असेम्ब्लरवर सही घेऊन झाली आहे, त्यांनी एकदा नॅसमचा सोर्स उघडून त्यातला सिम्बॉल टेबल शोधावा. काल्पनिक यंत्रासाठी जे लिहिलं तेच तिथे खऱ्या यंत्रासाठी लिहिलेलं सापडेल. ते वाचणारं आणखी कुणी तरी हवं आहे.