लेबलवरील अक्षर आणि संगणकाचा रकाना : जैविक नमुना-संग्रह महाजालावर आणणाऱ्या आज्ञावलींची चिकित्सा
(सुकापूर-पनवेल परिसराच्या संदर्भात)

वनस्पतिशास्त्र विभागातील कपाटांत रचलेल्या हर्बेरियम शीट आणि प्राणिशास्त्र विभागातील फॉर्मॅलिनच्या बरण्या ही महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या विज्ञान महाविद्यालयांची सामायिक मालमत्ता आहे. तिचे मोल मात्र सर्वत्र सारखे नाही. ज्या शीटच्या कोपऱ्यात नाव, स्थळ, दिनांक, संग्राहक आणि संग्रह-क्रमांक यांचे लेबल आहे ती शीट शास्त्रीय पुरावा ठरते. लेबल गळून पडलेली शीट ही केवळ वाळलेली फांदी उरते. जैविक नमुन्यांचे संग्रह महाजालावर आणणाऱ्या संगणकीय आज्ञावलींचा विचार करताना हा भेद आधी ध्यानात घ्यावा लागतो. या आज्ञावली नमुना महाजालावर नेऊ शकत नाहीत. त्या नेतात ते लेबल आणि फार तर शीटचे छायाचित्र. तेव्हा लेबलचे त्या काय करतात यावरूनच त्यांची पारख व्हावयास हवी. प्रस्तुत लेखात स्पेसिफाय, सिंबायोटा व ब्रॅम्स या तीन आज्ञावली आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे 'इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम' हे पोर्टल यांची या दृष्टीने चिकित्सा केली असून कसोटीचे स्थळ म्हणून पनवेलजवळील सुकापूर घेतले आहे.

कसोटीचे स्थळ

सुकापूर हे नवीन पनवेलहून नेऱ्याकडे जाणाऱ्या माथेरान रस्त्यावरील गाव. लगतच्या पाली देवदशी त्याचे नाव जोडूनच घेतले जाते. गाढी नदीचे खोरे, भातखाचरे आणि पूर्वेस माथेरानच्या डोंगररांगा असा हा प्रदेश होता; आज रस्त्याच्या दुतर्फा गृहसंकुले आहेत. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याआधी विमानतळाच्या जागेवरील डोंगर सपाट करून उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. अशा प्रदेशात कोणे एके काळी कोणती वनस्पती कोठे होती, हे आता जागेवर जाऊन पाहता येत नाही. ते सांगू शकते ती कोणीतरी त्या काळी गोळा केलेली शीट.

या परिसराचा वनस्पती-अभ्यास जुना आहे. माथेरानच्या वनस्पतींची बर्डवूड यांनी केलेली यादी मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात एकोणिसाव्या शतकातच प्रसिद्ध झाली. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात (१९०१–१९०८) माथेरान व कोकण यांचे उल्लेख जागोजागी आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम हे तर महाविद्यालयीन संग्रह कोणत्या उंचीस जाऊ शकतो याचे आपल्याकडील ठळक उदाहरण होय. एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांच्यामागून हर्मेनेगिल्ड सांतापाव या धर्मगुरू-अध्यापकांनी ते जोपासले. सांतापाव यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ अशाच संग्रहांच्या आधारे उभा राहिला. हे दोघेही अध्यापनाचे काम सांभाळून संग्रह करीत होते, ही गोष्ट आजच्या अध्यापकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आज्ञावलींची ओळख

स्पेसिफाय ही अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातून निघालेली, मुक्त स्रोताची आज्ञावली. तिची सातवी आवृत्ती ब्राउझरमधून चालते. पण ती आपल्या संस्थेत बसवायची तर सर्व्हर हवा आणि तो सांभाळणारा जाणकार हवा. सिंबायोटा ही अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठात वाढलेली, तीही मुक्त स्रोताची. अनेक संस्थांनी एकच पोर्टल वाटून घ्यावे अशी तिची मूळ कल्पना असल्याने लहान संग्रहाला स्वतःचा सर्व्हर न उभारताही तिच्यात सामील होता येते. ऑक्सफर्ड विद्यापीठाची ब्रॅम्स मुख्यतः वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गरजेतून घडली. ती परवाना घेऊन वापरावयाची आहे. तिन्ही आज्ञावलींतून माहिती 'डार्विन कोअर' या मानकानुसार बाहेर काढता येते. हे मानक २००९ मध्ये संमत झाले आणि कोपनहेगन येथून चालणाऱ्या जीबीआयएफ या जागतिक जाळ्यातील माहितीची देवघेव त्यावरच चालते.

महाविद्यालयांत यांपैकी काहीच वापरात नसते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. जेथे नोंद झाली आहे तेथे ती बहुधा एक्सेलच्या तक्त्यात झालेली असते, आणि तीही नॅकचा चमू येण्याच्या सुमारास. ग्रंथालयाने सोल किंवा कोहा घेतले तेव्हा दाखलनोंदवहीची शिस्त आधीपासून अंगवळणी पडलेली होती. नमुना-संग्रहाला अशी नोंदवही क्वचितच लाभली. पुस्तकाची नोंद चुकली तर तेच पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयात सापडते. शीटची नोंद चुकली तर मूळ नमुन्याकडेच परतावे लागते, आणि तो वाळवीने खाल्लेला असेल तर चूक कायमची झाली.

दिनांकाचा रकाना

एक्सेलच्या तक्त्याचा पहिला घात दिनांकात होतो. लेबलवर शाईने '१२-९-२५' लिहिले आहे आणि संग्राहक १९२५ मध्ये हिंडत होता, हे शीट हाताळणाऱ्यास ठाऊक असते. एक्सेल मात्र दोन अंकी २५ हे साल आपल्या नेहमीच्या नियमानुसार २०२५ समजते. १९०० पूर्वीचा दिनांक ते दिनांक म्हणून ओळखतच नाही. लेबलवर केवळ 'ऑगस्ट १९५८' असेल तर नोंद करणारा विद्यार्थी रकाना भरून निघावा म्हणून १ ऑगस्ट लिहितो, आणि केवळ '१९५८' असेल तर १ जानेवारी.

हे क्षुल्लक वाटेल. परंतु ती शीट कारवीची आहे असे समजावे. सह्याद्रीच्या उतारांवरील कारवी काही वर्षांच्या अंतराने एकदाच, पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. कर्नाळा वा माथेरानच्या कारवीचे फुलण्याचे वर्ष तेच होते काय, शंभर वर्षांपूर्वीही तोच क्रम होता काय, या प्रश्नांची उत्तरे फुलोऱ्यासह दाबलेल्या जुन्या शीटांच्या दिनांकांत आहेत. जानेवारीत फुललेली कारवी एखाद्या तक्त्यात आढळली तर अभ्यासकाने काय समजावे? ती निसर्गातील विसंगती आहे की रकाना रिकामा ठेवण्याच्या भीतीतून निर्माण झाली आहे, हे तक्ता सांगत नाही.

येथे स्पेसिफाय व सिंबायोटा या दोन्ही आज्ञावली एक्सेलहून स्पष्टपणे सरस ठरतात. स्पेसिफायमध्ये दिनांकाबरोबर त्याची अचूकता, म्हणजे दिवसापर्यंत, महिन्यापर्यंत की केवळ वर्षापर्यंत, ही वेगळी नोंदता येते. सिंबायोटात दिवस माहीत नसेल तर तो शून्य ठेवता येतो आणि लेबलवरील दिनांक जसाच्या तसा लिहिण्यास स्वतंत्र रकाना आहे. 'माहीत नाही' हे उत्तर मान्य करणारी आज्ञावली ही संग्रहासाठी अधिक प्रामाणिक आज्ञावली होय. सोयीसुविधांच्या याद्यांत या गुणाला फारसे स्थान मिळत नाही, हे नवल आहे.

स्थळाचा रकाना

स्थळाचा प्रश्न याहून कठीण आहे, आणि सुकापूरची कसोटी येथेच लागते. समजा, एका शीटवर इंग्रजीत एवढेच लिहिले आहे : सुकापूर, पनवेल. दुसरीवर केवळ पनवेल. या दुसऱ्या शब्दाचा अर्थ जुन्या शहराचा गावठाण, संपूर्ण तालुका, की संग्राहक जेथे उतरला तो थांबा? तिसऱ्या शीटवर जिल्हा ठाणे लिहिला आहे, चौथीवर कुलाबा, पाचवीवर रायगड. तिन्ही बरोबर असू शकतात : १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये पनवेल ठाण्यात आहे, पुढे ते कुलाब्यात गेले आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. नोंद करणाऱ्याने 'दुरुस्ती' म्हणून तिन्हीकडे रायगड लिहिले की शीटचा काळ ताडण्याचा एक धागा तुटतो. ज्या जुन्या शीटवर सालच नाही तिच्यासाठी जिल्ह्याचे नाव हाच काळाचा पुरावा असू शकतो.

आज्ञावलींना अक्षांश-रेखांश हवे असतात. नकाशावर 'पनवेल' शोधले की सुमारे १८.९९ अंश उत्तर व ७३.१२ अंश पूर्व असा शहराच्या मध्याचा बिंदू मिळतो. संगणक तो सहा दशांश स्थळांपर्यंतही देतो. सहावे दशांश स्थळ म्हणजे जमिनीवरील सुमारे अकरा सेंटीमीटर. ज्या संग्राहकाने तालुक्याचे नाव लिहून विषय संपविला त्याच्या शीटला अकरा सेंटीमीटरची अचूकता बहाल करणे ही शुद्ध बनावट होय, मग ती कितीही निरागसपणे झालेली असो. पुढे कोणी अभ्यासक त्या बिंदूंवरून वनस्पतींच्या प्रसाराचा नकाशा काढतो, आणि नकाशावर माथेरानच्या उतारावरील वनस्पती पनवेलच्या बाजारपेठेत उगवलेली दिसते.

यावरील उपाय जुना आहे. २००४ मध्ये विझोरेक, गुओ व हिजमन्स यांनी बिंदू आणि त्रिज्या अशी पद्धत मांडली : स्थळ बिंदूने दाखवावे आणि वर्णन जितके मोघम तितकी त्याभोवतीच्या अनिश्चिततेच्या वर्तुळाची त्रिज्या मोठी धरावी. डार्विन कोअरमध्ये ही त्रिज्या मीटरमध्ये लिहिण्यास रकाना आहे आणि लेबलवरील मूळ स्थळवर्णनासही आहे. सिंबायोटा व स्पेसिफाय या दोहोंना जोडता येणारे जिओलोकेट हे साधन बिंदूबरोबर त्रिज्याही सुचविते. तथापि सुचविणे हे त्याचे काम, स्वीकारणे हे माणसाचे. सुकापूर, सुखापूर, पाली देवद, पालीदेवद अशी रूपे आणि एकाच नावाची अनेक गावे ज्या प्रदेशात नांदतात तेथे यंत्राने सुचविलेला पहिला बिंदू स्वीकारत जाणे धोक्याचे आहे. गावाच्या पंचक्रोशीत वाढलेला शिपाई किंवा प्रयोगशाळा परिचर या कामी अनेकदा अधिक उपयोगी ठरेल. कोणत्याही आज्ञावलीच्या मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख नसतो.

उलट बाजूही पाहावयास हवी. सह्याद्रीतील खर्चुडीच्या काही जाती मोजक्या ठिकाणीच उरल्या आहेत. अशा वनस्पतीचे नेमके स्थळ महाजालावर ठेवणे म्हणजे ती उपटून नेणाऱ्यास वाट दाखविणे. सिंबायोटात निवडक जातींचे स्थळ सर्वसामान्यांपासून झाकून ठेवण्याची सोय आहे आणि डार्विन कोअरमध्ये माहिती राखून ठेवली असल्याचे नोंदविण्यास रकाना आहे. तक्ता थेट संकेतस्थळावर चढविणाऱ्या महाविद्यालयाला हा विचार बहुधा सुचतच नाही.

नाव, लिपी आणि पोर्टल

नावांच्या बाबतीत तिन्ही आज्ञावली समाधानकारक आहेत. खैर शतकभर अकॅशिया कॅटेचू या नावाने नोंदला गेला. अकॅशिया हे नाव ऑस्ट्रेलियन जातींकडे राखून ठेवण्याचा निर्णय २००५ मध्ये व्हिएन्ना येथे होऊन २०११ मध्ये मेलबर्न येथे कायम झाला आणि आपला खैर सेनेगालिया झाला. या आज्ञावली जुने नाव न पुसता नवे नाव त्यापुढे, ते देणाऱ्याच्या नावासह व दिनांकासह नोंदवितात. एक्सेलमध्ये मात्र 'शोधा व बदला' ही एक आज्ञा दिली की शंभर वर्षांचा इतिहास क्षणात नाहीसा होतो.

देवनागरीची कथा इतकी समाधानाची नाही. २००० च्या दशकात अनेक विभागांनी स्थानिक नावे श्रीलिपी किंवा शिवाजी यांसारख्या टंकांत टाइप केली. ती युनिकोडमध्ये रूपांतरित न करता आज्ञावलीत भरली तर 'करवंद' ऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. डेटाबेस लॅटिन अक्षरसंचात उघडला असेल तर युनिकोड मराठीचीही प्रश्नचिन्हे होतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. स्थानिक नावाचा रकाना तिन्ही आज्ञावलींत आहे, पण एकाच झाडाला ठाकर व आगरी बोलींत वेगळी नावे असतील तर कोणते नाव कोणाकडून, कोणत्या गावी ऐकले, हे नोंदविण्याची जागा शेवटी टिपणाच्या रकान्यातच शोधावी लागते.

इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियमचे उद्घाटन जुलै २०२२ मध्ये कोलकाता येथे झाले, तेव्हा त्यात सुमारे एक लाख नमुन्यांच्या प्रतिमा होत्या. प्रत्येक नोंदीत प्रतिमा, शास्त्रीय नाव, स्थळ, दिनांक, संग्राहक व बारकोड आहेत आणि राज्यवार शोध घेता येतो. पनवेलच्या अध्यापकाला कोलकात्यास न जाता शीट पाहता यावी, ही मोठीच सोय होय. त्यातही प्रतिमा असण्याचे मोल सर्वाधिक, कारण नोंदीत काही चुकले असले तरी लेबल स्वतः वाचता येते. मात्र ते सर्वेक्षण संस्थेच्या संग्रहासाठी रचलेले पोर्टल आहे. महाविद्यालयाने उचलून आपल्याकडे बसवावी अशी ती आज्ञावली नव्हे. महाविद्यालयीन संग्रहांना सामावून घेणारा एखादा सामायिक मंच विद्यापीठ पातळीवर उभा राहिला, तर सिंबायोटाचा नमुना त्यास अधिक जवळचा ठरेल. प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्र सर्व्हर घेणे म्हणजे तितकेच सर्व्हर दोन-तीन वर्षांत बंद पडणे.

प्राणिशास्त्र विभागांसाठी हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून विच्छेदनावर मर्यादा आणल्या आणि २०१४ मध्ये ते थांबविण्यास सांगितले. निर्णय योग्यच होता. त्यानंतर बरण्यांत नवी भर पडणे जवळजवळ थांबले. जे आहे तेवढेच राहणार. बरणीवरील लेबल शीटवरील लेबलपेक्षा लवकर पुसले जाते, आणि आतील लेबल पेन्सिलीने लिहिलेले नसेल तर तेही वाचता येत नाही.

कामाचा क्रमही यावरूनच ठरतो. आधी प्रत्येक शीटचे व बरणीचे लेबलसह, मोजपट्टी व रंगपट्टी ठेवून छायाचित्र. मग लेबलवरील मजकूर अक्षरशः, चुकांसकट, एका रकान्यात. अर्थ लावणे, अक्षांश-रेखांश, नवे नाव ही कामे त्यानंतर, वेगळ्या रकान्यांत व करणाऱ्याच्या नावासह. सिंबायोटात प्रतिमेवरून त्रोटक नोंद आधी करून उरलेले सावकाश भरता येते. विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने आरंभ करून पुढच्या तुकडीने तो पुढे न्यावा, यास ही रीत सोयीची आहे. जुन्या शीटांवर मर्क्युरिक क्लोराइडचे विषलेपन असू शकते, म्हणून हातमोजे लागतात. आणि प्रत्येक शीटला असा क्रमांक हवा जो दुसऱ्या कोणत्याही संग्रहात नसेल. त्यासाठी न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या 'इंडेक्स हर्बेरिओरम' या सूचीत संग्रहाची नोंदणी करून संक्षिप्त संकेत घ्यावा लागतो, जसा ब्लॅटर हर्बेरियमचा 'बीएलएटी' आहे.